दुकानातल्या सर्व्हरचा बॅकअप: मर्यादा कोणत्या आणि त्यातून वाट कशी काढायची?

आपल्या फोनचा बॅकअप बहुतेक वेळा आपोआप होतो. रात्री चार्जिंगला लावला, वाय-फाय सुरू असलं की फोटो आणि चॅट गुगलच्या खात्यात जमा होतात. फोन हरवला तरी नवीन फोनमध्ये लॉगिन केलं की बरंचसं परत मिळतं. त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळ्याच मशीनचं असंच असतं.

पण घरच्या दुकानात, गोदामात किंवा दवाखान्यात मागच्या खोलीत जो कंप्युटर चोवीस तास धूळ खात सुरू असतो, त्याचं तसं नसतं. तिथे बॅकअपला जागा कमी पडते, इंटरनेट पुरत नाही, सॉफ्टवेअर अडवतं आणि मध्येच लाइट जाते. या लेखात या मर्यादा एकेक करून बघू. मोठा खर्च न करता त्यातून वाट कशी काढायची, तेही बघू.

## छोट्या व्यवसायाचा सर्व्हर म्हणजे नक्की काय?

पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचरचं उदाहरण घेऊ. आंबेगाव तालुक्याची ही मोठी बाजारपेठ. इथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, आडतदार आहेत, कृषी सेवा केंद्रं आहेत, पतसंस्था, मेडिकल आणि हार्डवेअरची दुकानं आहेत. यातल्या बऱ्याच ठिकाणी दोन-तीन बिलिंगचे कंप्युटर एका मुख्य कंप्युटरला जोडलेले असतात. सगळा हिशोब त्या मुख्य मशीनवर असतो. कधी त्यावर विंडोज सर्व्हर असतं, कधी साधं विंडोज प्रो. नाव काहीही असो, काम सर्व्हरचंच.

आता यात पणाला काय लागलेलं असतं ते बघा. सातगाव पठारावरचा शेतकरी बटाट्याचं बियाणं, खत, औषधं उधारीवर नेतो आणि माल विकला की पैसे देतो. म्हणजे दुकानदाराची अख्ख्या हंगामाची उधारी एका हार्ड डिस्कवर असते. डिस्क गेली तर कोणाकडून किती येणं आहे हे सांगणारं दुसरं काहीच उरत नाही. शेतकऱ्यानं भरलेले पैसे तरी जमा दाखवायचे कुठे? वाद दोन्ही बाजूंनी होतो.

आणि अशा घरात कंप्युटर कळणारा माणूस कोण, तर बहुतेक वेळा तुम्हीच! बाबा किंवा काका तुम्हालाच हाक मारणार. म्हणून हे वाचून ठेवा.

## पहिली मर्यादा: जागा

सर्व्हरची डिस्क समजा १ टीबीची आहे आणि त्यात ५०० जीबी भरलेलं आहे. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. मग ५०० जीबी बसणार कसे? इथेच बरेच जण 'बघू नंतर' म्हणून सोडून देतात.

यावरचा उपाय मोठी जागा विकत घेणं हा नाही. आधी डेटाची वाटणी करा. प्रत्येक फोल्डरबद्दल एकच प्रश्न विचारा: हे गेलं तर परत बनवता येईल का?

१. परत बनवता न येणारं: टॅलीचा डेटा, बिलिंगचा डेटाबेस, उधारीच्या नोंदी, स्टॉक, जीएसटीच्या फाइली, करारांचे स्कॅन.
२. त्रास घेऊन परत मिळणारं: कंपन्यांचे दरपत्रक, बँकेची स्टेटमेंट, जाहिरातींचे डिझाइन.
३. सहज परत मिळणारं: विंडोज, सॉफ्टवेअरचे सेटअप, डाउनलोड, कोणीतरी टाकून ठेवलेले सिनेमे आणि लग्नाचे व्हिडिओ.

ही वाटणी केल्यावर लक्षात येतं की पहिल्या गटातला माल आकारानं खूपच लहान असतो. आकडे आणि अक्षरं फारशी जागा खात नाहीत. जागा खातात ते व्हिडिओ आणि फोटो. म्हणजे बॅकअपची अर्धी अडचण इथेच सुटते. पहिल्या गटाची रोज कॉपी, दुसऱ्याची आठवड्याला आणि तिसऱ्याची गरज नाही.

फक्त एक काळजी घ्या. सॉफ्टवेअरचे लायसन्स नंबर, पासवर्ड आणि प्रिंटरच्या सेटिंग पहिल्या गटात टाका. डेटा आहे पण तो उघडणारं सॉफ्टवेअर सुरू होत नाही, अशी गत नको.

## दुसरी मर्यादा: अपलोडचा वेग

इंटरनेटचा प्लॅन घेताना आपण डाउनलोडचा वेग बघतो. बॅकअपला मात्र अपलोडचा वेग लागतो आणि बऱ्याच प्लॅनमध्ये, विशेषतः मोबाइल डेटावर, तो कमी असतो. फोनवर स्पीड टेस्ट करा, दोन्ही आकडे दिसतील.

आता गणित. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये दाखवते, फाइल मेगाबाइटमध्ये असते आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे.

- २ जीबीचा बॅकअप: साधारण २७ मिनिटं.
- ५०० जीबीचा बॅकअप: साधारण ४ दिवस १५ तास, तेही लाइन एकदाही न तुटता.

अपलोड २ एमबीपीएसच असेल तर २ जीबीला सव्वादोन तास आणि ५०० जीबीला २३ दिवस लागतील. वरची वाटणी का करायची, हे या आकड्यांवरूनच कळतं. पहिला गट ऑनलाइन जाऊ द्या. बाकीचा जड माल हार्ड डिस्कवर ठेवा.

अपलोड करण्याआधी फाइल सेव्हन-झिपसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं पासवर्ड लावून दाबून घ्या. डेटाबेसची फाइल यानं बरीच लहान होते आणि ग्राहकांची माहिती उघडी राहत नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. तो विसरला तर फाइल असून नसल्यासारखी.

## तिसरी मर्यादा: सॉफ्टवेअर कुठे अडवतं?

विंडोज सर्व्हर बॅकअप. विंडोज सर्व्हरसोबत हे मोफत येतं आणि चांगलं आहे. पण त्याच्या काही अटी आहेत.

- नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये बॅकअप घेतला तर तिथे एकच कॉपी राहते. नवीन बॅकअप जुन्यावर लिहिला जातो. तो मध्येच फेल झाला तर जुनाही गेला आणि नवाही नाही. वाट: आठवड्याच्या सात वारांचे सात फोल्डर करा आणि टास्क शेड्युलरमध्ये डब्ल्यूबी-ॲडमिन या कमांडचे सात टास्क लावा. रोजचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल.
- बॅकअपसाठी पूर्ण डिस्क दिली तर तो ती फॉरमॅट करतो आणि नंतर ती माय कंप्युटरमध्ये दिसतही नाही. म्हणून घरच्या फोटोंची डिस्क चुकूनही देऊ नका. फायदा असा की अशा डिस्कवर अनेक तारखांच्या कॉपी राहतात.
- शेड्यूलच्या बॅकअपसाठी पेन ड्राइव्ह चालत नाही. बाहेरून जोडायची यूएसबी हार्ड डिस्क घ्या.
- २००८ आर-२ या जुन्या आवृत्तीत २ टीबीपेक्षा मोठ्या व्हॉल्यूमचा बॅकअप होत नाही. २०१२ पासून ही अडचण गेली. तसंही २००८ आर-२ ला १४ जानेवारी २०२० पासून सर्वसाधारण सुरक्षा अपडेट बंद आहेत, त्यामुळे ते बदलायलाच हवं.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर पाठीमागे ही मोफत आवृत्ती वापरतात. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवीन बिल सेव्ह होणं थांबतं. २०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा ५० जीबी केली आहे. दुसरं म्हणजे यात ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा 'एजंट' नसतो आणि बॅकअप दाबून लहान करण्याची सोयही नसते.

वाट: बॅकअपची आज्ञा एका बॅच फाइलमध्ये लिहा आणि ती टास्क शेड्युलरला द्या. फाइलच्या नावात तारीख घाला. एकच नाव ठेवलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर नवीन बॅकअप त्याच फाइलच्या शेपटीला जोडला जातो आणि फाइल फुगत जाते. आणि डेटाबेसची चालू फाइल थेट कॉपी-पेस्ट करू नका. सॉफ्टवेअर सुरू असताना ती लॉक असते. बॅकअप डेटाबेसच्या आज्ञेनंच घ्यायचा.

टॅली. टॅलीप्राइममध्ये डेटाच्या मेनूत बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही मिळतात. फोल्डर थेट कॉपी करणार असाल तर आधी सगळ्या कंप्युटरवरची टॅली बंद करा. लक्षात ठेवा, रिस्टोअर कायम वेगळ्या फोल्डरमध्ये करायचं. चालू फोल्डर दिला तर आजच्या हिशोबावर जुना हिशोब बसेल.

पेन ड्राइव्ह आणि ४ जीबी. 'जागा आहे तरी कॉपी होत नाही' ही नेहमीची तक्रार. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. आतला डेटा बाजूला काढून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

## चौथी मर्यादा: लाइट आणि शटर

विंडोज सर्व्हर बॅकअपची आधीपासून सुचवलेली वेळ रात्री ९ ची असते. ऑफिसात ठीक आहे, पण आपल्याकडे आठला शटर ओढताना मेन स्विच बंद करायची सवय असते. म्हणजे बॅकअप 'सेट' आहे, पण एकदाही झालेला नाही!

वाट सोपी आहे. वेळ दुपारची ठेवा, जेव्हा दुकानात गर्दी कमी असते. टास्क शेड्युलरमध्ये 'वेळ चुकली तर मशीन सुरू झाल्यावर लगेच टास्क चालव' अशा अर्थाचा एक पर्याय आहे, त्यावर टिक करा. आणि सर्व्हर व बॅकअपची डिस्क यूपीएसवर असू द्या. कॉपी सुरू असताना लाइट गेली तर अर्धवट फाइल तयार होते आणि ती नावानं पूर्ण फाइलसारखीच दिसते.

## पाचवी मर्यादा: जोडलेली डिस्क वाचवत नाही

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनरची कामं हातानं करायची वेळ आली.

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बहुतेक सर्व्हरचे बॅकअप सापडले. पण कंपनीच्या नेटवर्कचा पाया असलेले डोमेन कंट्रोलर, जवळपास दीडशे, एकमेकांची कॉपी ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशोब. व्हायरसनं सगळे एकदमच पुसले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! त्या एका कॉपीवरून कंपनीनं पुन्हा उभारणी केली. दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर नव्यानं बसवावे लागले.

लाइट गेल्यामुळे डेटा वाचला, हे मंचरमध्ये सांगितलं तर कोणीही हसेल. पण धडा पक्का आहे. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क ही बॅकअप म्हणून अर्धीच. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि शेअर फोल्डर शोधतात, विंडोजनं ठेवलेल्या जुन्या कॉपीही पुसतात. म्हणून एक कॉपी कायम वायर काढून ठेवलेली हवी.

गुगल ड्राइव्हचं सिंक फोल्डरही याच कारणानं पुरेसं नाही. सर्व्हरवर फाइल डिलीट झाली की ड्राइव्हवरही होते. ती ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, मग जाते. रोज तारखेच्या नावानं वेगळी फाइल अपलोड करणं हे त्याहून भरवशाचं.

## सहावी मर्यादा: एकच गाव

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. अशा वेळी दुकानात सर्व्हर आणि मागच्या गल्लीत घरी बॅकअप, तर दोन्ही एकाच पाण्यात. मंचरला आग, शॉर्ट सर्किट, चोरी यातलं काहीही होऊ शकतं. दुकान खाली आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर ती एकच जागा धरा. एक डिस्क घोडेगावला मामाकडे किंवा नारायणगावला आत्याकडे ठेवा.

या सगळ्याचा मेळ घालणारा नियम ३-२-१ नावानं ओळखला जातो. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी तो प्रसिद्ध केला. डेटाच्या ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ वेगळ्या ठिकाणी.

## मंचरच्या दुकानासाठी साधा आराखडा

लागणारं सामान: दोन यूएसबी हार्ड डिस्क, एक यूपीएस आणि दुकानाच्या नावाचं वेगळं गुगल खातं.

१. रोज दुपारी: डेटाबेस आणि टॅलीचा बॅकअप सर्व्हरवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. नावात तारीख.
२. रोज संध्याकाळी: तीच फाइल पासवर्ड लावून, दाबून ड्राइव्हवर. लाइन बंद असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवरून. जागा संपू नये म्हणून जुन्या रोजच्या फाइली काढा, महिन्याअखेरची ठेवा.
३. आठवड्यातून एकदा: हार्ड डिस्क 'अ' जोडा, पूर्ण सर्व्हरचा बॅकअप घ्या, वायर काढा. पुढच्या आठवड्यात डिस्क 'ब'. विंडोज सर्व्हर बॅकअपला शेड्यूलमध्ये दोन्ही डिस्क देता येतात. जी जोडलेली असेल त्यावर तो लिहितो. एक डिस्क कायम दुसऱ्या गावी.
४. ३१ मार्चनंतर: वर्षाची अखेरची कॉपी वेगळी काढा. सोबत खतावणी आणि उधारीची यादी पीडीएफमध्ये. पुढे सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तरी पीडीएफ उघडेल.

डिस्कवर मार्करनं 'अ' आणि 'ब' लिहा. एका वहीत तारीख, फाइलचा आकार आणि कोणी घेतला ते टिपा. कालपर्यंत ८०० एमबीची असलेली फाइल आज ३ एमबी दिसली तर काहीतरी बिघडलंय, हे फोनवरच्या ड्राइव्ह ॲपमध्येही एका नजरेत कळतं.

## बॅकअप झाला हे कसं ओळखायचं?

'बॅकअप कम्प्लीटेड' असा मेसेज आला म्हणजे काम झालं असं नाही. महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल दुसऱ्याच लॅपटॉपवर रिस्टोअर करा. मग तीन गोष्टी बघा: शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आहे, एका ओळखीच्या ग्राहकाची बाकी बरोबर आहे का आणि गेल्या वर्षीचा हिशोब उघडतोय का. सोबत घड्याळ लावा. रिस्टोअरला चार तास लागत असतील तर हंगामात तेवढा वेळ दुकान कसं चालवायचं, हे आधीच ठरवता येईल. छापील पावतीपुस्तक एक कपाटात असू द्या.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डेटा किती वर्षं ठेवायचा?
जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं. वाद किंवा अपील सुरू असेल तर आणखी जास्त. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदवलेला असेल तर हिशोब आठ आर्थिक वर्षांचे लागतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे.

सर्व्हरमध्ये दोन डिस्कची रेड लावली आहे. मग बॅकअप कशाला?
मिरर रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. पण चुकून डिलीट केलेलं बिल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं. रेड हा बॅकअप नाही.

सगळा बॅकअप क्लाउडवरच ठेवला तर?
चालेल, पण एक कॉपी हातात ठेवा. गुगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं बंद करून डेटा काढून टाकू शकतं. शिवाय ते खातं ज्या मोबाइल नंबरवर आहे तो कामगाराचा असेल आणि तो काम सोडून गेला, तर लॉगिनचा ओटीपी कोण देणार? नंबर घरातल्याच माणसाचा हवा.

मोठा खर्च करून नवीन सर्व्हर घ्यावा का?
आधी परत बनवता न येणाऱ्या डेटाचा आकार मोजा. तो ड्राइव्हच्या मोफत जागेत आणि एका साध्या डिस्कवर बसत असेल, तर आत्ता अडचण सर्व्हरची नाही, सवयीची आहे.

तर मित्रांनो, आज दुकानात गेलात की एक करा. बाबांना विचारा, 'शेवटचा बॅकअप कधीचा आहे आणि तो कोणी उघडून बघितलाय?' उत्तर आलं नाही तर वरच्या आराखड्यातलं पहिलं काम आज दुपारीच उरकून टाका. हंगामाची उधारी त्या एका डिस्कवर आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मेनू कुठे आहे, एवढंच तुम्ही दाखवायचं.